तक्ता फाडा, तोंड उघडा

मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे शिकवणीला आली. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली, बारावीला १०० पैकी ९८. आता कॅनडाला जायचंय, म्हणून पुन्हा फ्रेंच. मी तिला म्हटलं, 'बोलणे' हे साधं क्रियापद वर्तमानकाळात चालवून दाखव. तिने डोळे मिटले आणि पाढा म्हणावा तसा तक्ता म्हटला. सहाव्या ओळीवर आली आणि म्हणाली, "ईल पारलेंट."

'ते बोलतात' हे फ्रेंचमध्ये 'ईल पार्ल' असं म्हणतात. 'पार्ल' म्हटलं की तोंड मिटायचं. पुढे कागदावर ई, एन, टी ही तीन अक्षरं असतात, पण तोंडात त्यांतलं एकही नसतं. पहिल्या आठवड्यात सांगायची ही गोष्ट आहे. या मुलीला ती दोन वर्षांत कुणी सांगितली नाही, आणि सांगितली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण दोन वर्षांत तिला मोठ्याने बोलायला कुणी लावलंच नव्हतं. तिच्या वहीतला तक्ता मात्र निर्दोष होता. लाल शाईची एक खूण नाही.

माझा राग त्या मुलीवर नाही. तिला ९८ गुण देणाऱ्यांवर आहे. गाणं न ऐकता, फक्त सरगम लिहून घेऊन एखाद्याला गायनात पहिला आणावं, तसा हा प्रकार आहे आणि तो आपल्याकडे वर्षानुवर्षं राजरोस चाललाय. संस्कृतसारखाच फ्रेंच हा गुण वाढवणारा विषय, एवढीच त्याची ओळख शिल्लक ठेवली आहे. क्रियापदं म्हणजे तक्ते, तक्ते म्हणजे पाठांतर, पाठांतर म्हणजे गुण. या साखळीत कान आणि जीभ यांना जागाच नाही.

मीही याच घाण्याला जुंपली गेले होते, म्हणून हे अधिकाराने बोलते. मला तक्ते इतके पाठ होते की झोपेतून उठवलं तरी सोळा काळ म्हणून दाखवले असते. पुढे नोकरीसाठी लियाँला गेले. दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला. पलीकडची बाई म्हणाली, "ईल-झा-री-वा-सी-झर." मला 'येतो' आणि 'सहा वाजता' एवढं कळलं. मी एका माणसासाठी गाडी सांगितली, एका माणसासाठी खोली. संध्याकाळी स्टेशनावर तिघे उतरले. बाईने मला स्पष्ट सांगितलं होतं की 'ते' येताहेत. एकजण येणार असता तर ती 'ई-ला-रीव' म्हणाली असती. तिघे होते म्हणून 'ईल-झा-रीव' म्हणाली. मधला तो झाडातला झ हाच अनेकवचनाचा अख्खा पुरावा होता, आणि तो ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. दोघे पाहुणे पावसात पाऊण तास उभे राहिले. माझ्या वरिष्ठांनी आवाज चढवला नाही, पण त्यानंतर फोन घ्यायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. तो अपमान मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. फ्रेंच क्रियापदाला दोन शरीरं आहेत, एक कागदावरचं आणि एक तोंडातलं. 'बोलणे' घ्या. कागदावर वर्तमानकाळात पाच वेगळी रूपं दिसतात. तोंडात फक्त तीन: पार्ल, पार-लों, पार-ले. मी, तू, तो किंवा ती, आणि ते, या साऱ्यांना मिळून 'पार्ल' हे एकच एकाक्षरी रूप पुरतं. जे मूल कानाने शिकतं त्याला तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात, जे तक्त्याने शिकतं त्याला सहा ओळी. आणि फ्रेंचमधली नव्वद टक्के क्रियापदं याच साच्याची आहेत! म्हणजे पोरांच्या डोक्यावर आपण दुप्पट ओझं ठेवतो, आणि एवढं करून त्यांच्या हाती येतं ते 'पारलेंट'.

'पार-ले' या रूपाची तर आणखी गंमत सांगण्यासारखी आहे. मूळ क्रियापद, भूतकाळी विशेषण, त्याचं स्त्रीलिंग, दोघांची अनेकवचनं आणि आदरार्थी 'तुम्ही बोलता' हे सगळं मिळून सहा वेगवेगळ्या स्पेलिंगांत लिहिलं जातं आणि सहाही वेळा उच्चार एकच: पार्ले. र तेवढा घशातून काढायचा, बाकी विलेपार्ल्यातलं पार्ले जसंच्या तसं. मुंबईच्या मुलाला हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि ते त्याला जन्मभर पुरतं. पण वर्गात त्या सहा स्पेलिंगांवर सहा तास जातात आणि सहांचा आवाज एकच आहे हे सांगायला अर्धं मिनिट सापडत नाही.

यावर शिक्षकमंडळींकडे एक तयार उत्तर असतं: 'शेवटचं अक्षर सायलेंट असतं, सोडून द्या.' फ्रेंच शिकवण्यात या एका वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कशाने केलं नसेल. सोडून काय द्या? 'तो निघतो' म्हणजे 'ईल पार'. 'ते निघतात' म्हणजे 'ईल पार्त'. 'तो झोपतो', 'ईल दॉर'. 'ते झोपतात', 'ईल दॉर्म'. 'तो विकतो', 'ईल वाँ'. 'ते विकतात', 'ईल वाँद'. 'तो संपवतो', 'ईल फि-नी'. 'ते संपवतात', 'ईल फि-नीस'. इथे ई-एन-टी स्वतः गप्प राहतात, पण आपल्या आधीच्या व्यंजनाला बोलतं करतात. एकवचनात ते व्यंजन गळतं, अनेकवचनात ते स्पष्ट ऐकू येतं, आणि फ्रेंच कान ते व्यंजन ऐकून माणसं मोजतो. मुकी अक्षरं म्हणजे घरातली म्हातारी माणसं: स्वतः बोलत नाहीत, पण त्यांच्या बसण्या-उठण्यावर घराचा व्यवहार चालतो. त्यांना 'सोडून द्या' म्हणणाऱ्याने ते घर आतून पाहिलेलंच नाही.

बरं, तो 'सायलेंट'चा नियमही धड सांगत नाहीत. शेवटी ई-एन-टी असलं की गप्प, असं मुलांना फळ्यावर लिहून देतात. मग 'तो येतो' याचं काय करायचं? त्याच्याही शेवटी ई-एन-टी आहे आणि त्याचा उच्चार 'ईल व्यँ' असा नाकातून होतो. 'ते येतात' म्हणजे 'ईल व्येन', तिथे नाक मोकळं सोडून न स्पष्ट म्हणायचा. राष्ट्राध्यक्षाला 'प्रेझिदाँ' म्हणतात. त्याच अक्षरांनी, त्याच क्रमाने, त्याच खुणांनिशी लिहिलेलं क्रियापद 'ते अध्यक्षपद भूषवतात' या अर्थी आलं की 'प्रेझिद' होतं. तीन अक्षरं आणि दोन अक्षरं. कागद दोन्हीकडे सारखा. फरक कळायला तो शब्द क्रियापद आहे का, आणि असेल तर कोणत्या पुरुषाचा, कोणत्या वचनाचा, हे ठाऊक लागतं. म्हणजे व्याकरण आणि उच्चार एकाच श्वासात शिकवावे लागतात. त्यांना वेगवेगळ्या तासांत बसवणाऱ्याला या भाषेची घडण उमगलेलीच नाही.

आणि जे मुकं असतं ते कायमचं मुकं नसतं. 'ते बोलतात' यात न ऐकू येणारा तो त, 'ते बोलतात का?' असा प्रश्न उलटा करून विचारला की जिवंत होतो: 'पार्ल-तील?' तो आता पुढच्या सर्वनामाच्या तोंडाशी जाऊन बसलाय. 'जा' अशी आज्ञा करताना 'वा' म्हणतात. 'तिथे जा' म्हणायचं तर दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून क्रियापदाला मुद्दाम एस जोडतात आणि 'वा-झी' म्हणतात. स्पेलिंगाबद्दल जगात सर्वांत हट्टी म्हणून ज्यांची ख्याती, ते फ्रेंच लोक इथे कानासाठी लेखन बदलतात. आपण मात्र कागदासाठी कान कापून ठेवतो.

आता मला खरं झोंबतं ते सांगते. मराठी मुलाला या भाषेची अक्षरं पाडायला कुणी परक्याने शिकवायची गरजच नाही. त्याच्याकडे सगळं आहे. 'अक्षर' हा शब्द मी इथे छंदशास्त्रातल्या अर्थाने वापरतेय: एका झटक्यात तोंडातून बाहेर पडतो तो तुकडा, ज्याला इंग्रजी माध्यमाची मुलं सिलॅबल म्हणतात. आपल्या शाळेत वृत्तं शिकवताना लघु-गुरू मांडून, गण पाडून, अक्षरं मोजायला लावतात. भुजंगप्रयातात चरणाला बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. फ्रेंच नाटकांचं जे मानाचं वृत्त, अलेक्झांद्रँ, त्यातही ओळीला बाराच अक्षरं. रासीनचं 'फेद्र' १६७७ साली पॅरिसला रंगमंचावर आलं, तेव्हा समर्थ रामदास सज्जनगडावर हयात होते. दोन्हीकडे बोटांवर बारा मोजणं चालू होतं. त्या अलेक्झांद्रँमध्ये पुढे व्यंजन आलं तर 'ते बोलतात' याची अक्षरं तीन मोजतात: ईल-पार-ल. रोजच्या बोलण्यात गळालेला पुसटसा अ कवितेत परत येतो. आपल्याकडे हेच होतं. बोलताना आपण 'कर-तो' म्हणतो, दोन अक्षरं. कवितेत 'क-र-तो' अशी तीन मोजतो. हे ज्याने आठवी-नववीत केलंय त्याला फ्रेंचचा मुका ई समजावून सांगायला किती वेळ लागेल? पण वर्गात कुणी या दोन गोष्टी शेजारी ठेवत नाही, कारण फ्रेंच शिकवताना मराठीचं नाव काढणं कमीपणाचं वाटतं.

याहून मोठं उदाहरण देते, आणि हे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांचे चेहरे बदललेले मी पाहिलेत. 'पाठव' म्हणा. पा-ठव. आता 'पाठवा' म्हणा. पाठ-वा. ठ मधला अ कुठे गेला? 'बदल', ब-दल. 'बदला', बद-ला. 'समज', स-मज. 'समजा', सम-जा. प्रत्यय लागला, शेवटचं व्यंजन उठून पुढच्या अक्षरात गेलं आणि मधला स्वर वाळून गेला. हे आपण रोज शंभर वेळा करतो आणि कधी चुकत नाही. तीन वर्षांचं पोरही चुकत नाही.

आता फ्रेंचमध्ये 'विकत घेणे'. 'ती विकत घेते': ए-ला-शेत. 'आम्ही विकत घेतो': नू-झाश-तों. 'हाक मारणे'. 'ती हाक मारते': ए-ला-पेल. 'आम्ही हाक मारतो': नू-झाप-लों. पा-ठव, पाठ-वा. आ-शेत, आश-तों. आ-पेल, आप-लों. तीच चाल, तोच स्वराचा वाळवंटात जाणारा झरा. अक्षर व्यंजनाने बंद झालं की आतला स्वर भरदार होतो, व्यंजन पुढे निघून गेलं की तो आटतो. या क्रियापदांना आपल्या मार्गदर्शिका 'अपवाद' नावाच्या कोठडीत टाकतात. एका ठिकाणी ई वर तिरकी मात्रा, दुसरीकडे एल दोनदा, तिसरीकडे टी दोनदा, हे पाठ करा म्हणतात. कशासाठी, ते सांगत नाहीत. तिरकी मात्रा आणि दुहेरी व्यंजन हे एकाच आजारावरचे दोन गावठी उपाय आहेत. दोन्हींचं काम एकच: 'इथला स्वर भरदार म्हणा' एवढी खूण करणं. अपवाद त्या भाषेत नाही, तो पुस्तक लिहिणाऱ्याच्या आळसात आहे.

खुद्द फ्रान्समध्ये हे ओळखून ६ डिसेंबर १९९० रोजी सरकारी राजपत्रात लेखनसुधारणा छापल्या गेल्या. 'हाक मारणे' आणि 'फेकणे' ही दोन क्रियापदं आणि त्यांचा गोतावळा वगळून या जातीच्या बाकीच्या क्रियापदांना दुहेरी व्यंजन सोडून तिरकी मात्रा घ्यायची मुभा मिळाली. त्याआधी, १८३५ साली, अकादेमी फ्राँसेझने आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत अपूर्ण भूतकाळाचे ओ-आय असलेले प्रत्यय बदलले. तोवर 'पार-लॅ', म्हणजे 'तो बोलत असे', हे ओ-आय घालून लिहीत. लोक कधीचे 'ॲ' म्हणत होते, व्हॉल्तेरने अठराव्या शतकातच ए-आय लिहायचा आग्रह धरला होता, अकादेमीला शहाणपण यायला १८३५ उजाडलं. पण आलं. १६३५ साली स्थापन झालेली, शुद्धतेचा धाक घालणारी संस्थासुद्धा शेवटी तोंडापुढे नमते, हा यातला धडा. आपणही १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार काढून टाकले. आणि तरी आजही छापतो 'केले' आणि म्हणतो 'केलं', छापतो 'घरे' आणि म्हणतो 'घरं'. म्हणजे लिहिणं आणि बोलणं यांत अंतर असतं, हे मराठी माणसाला नव्याने कळायचं काही उरलेलं नाही.

बाजारात काही पुस्तकं आहेत ज्यांत उच्चारासाठी म्हणून शब्द आडव्या रेघांनी तोडून दिलेले असतात. मी असं एक पुस्तक उघडलं आणि पाहिलं तर ती फोड छापखान्याची होती! ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर कुठे तोडावा, याचे फ्रेंचमध्ये नियम आहेत. जोडलेली व्यंजनं मधून तोडायची, दोन स्वरांच्या मध्ये तोडायचं नाही, वगैरे. तो जुळाऱ्यांचा व्यवहार आहे, जिभेचा नाही. त्या नियमाने 'येणे' हे क्रियापद दोन आरच्या मधून तुटतं, पण तोंडात एकच र असतो: आ-री-वे. 'निर्माण करणे' याचे त्या नियमाने तुकडेच पडत नाहीत, पण तोंडात ती स्पष्ट दोन अक्षरं आहेत: क्रे-ए. 'ते बोलतात' कागदावर दोन तुकड्यांत मोडता येतं, तोंडात तो एकच घास आहे. ही छपाईची फोड मुलांना उच्चार म्हणून विकणाऱ्या लेखकाने स्वतः एकदा तरी ते पान मोठ्याने वाचलं असतं, तर पुस्तक बाजारात आलं नसतं.

मात्र दोन र जिथे खरोखर दोन आहेत तिथे हीच पुस्तकं गप्प बसतात. 'तो मरत होता' म्हणजे 'मू-रॅ'. 'तो मरेल', म्हणजे अमुक झालं तर मरेल या सुरातलं संकेतार्थी रूप, म्हणजे 'मूर-रॅ'. एका जादा र वर एका माणसाचं मरण लटकलेलं आहे. आणि हा दुहेरी र म्हणायला आपल्याला काय कष्ट आहेत? चिमणी भुर्रकन उडते, विदर्भात खर्रा खातात. आपल्या जिभेला व्यंजन दुप्पट करायची सवय जन्मजात आहे. इंग्रजांना नाही.

इंग्रजांचं नाव निघालंच आहे तर तेही बोलून टाकते. आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो, हा या सगळ्यातला सर्वांत मोठा करंटेपणा आहे. फ्रेंच त आणि द दातांवर जीभ टेकवून म्हणतात, तुकारामातला त, दामोदरातला द. प आणि क म्हणताना हवेचा झोत सोडत नाहीत, अगदी आपल्यासारखं. मराठी मूल ही भाषा ऐकून बोलेल तर अर्धी लढाई आधीच जिंकलेली आहे. पण त्याच्या हातात रोमन लिपीतली इंग्रजी उच्चारसूची दिली जाते आणि ते 'त्यू' ऐवजी 'ट्यू' म्हणायला लागतं. 'तू'ला 'त्यू' म्हणणारी भाषा आपल्या इतकी जवळ येऊन उभी आहे आणि आपण तिच्यापुढे लंडनचा दुभाषा बसवलाय. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळतात, तेही आपली मुलं फ्रेंचमध्ये आणतात. फ्रेंच एकेक अक्षर सारख्या वजनाने टाकत जाते आणि शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर किंचित रेंगाळते. टाळ वाजवत ओवी म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागतं का?

देवनागरीत फ्रेंच लिहिता येत नाही, असंही मला ऐकवलं जातं. खरं आहे, पूर्ण येत नाही. 'त्यू'मधला तो स्वर आपल्याकडे नाही, झाडातला झ आणि झेंड्यातला झ यांना आपण एकच चिन्ह वापरतो. पण 'आम्ही करतो' याचं फ्रेंच 'फ-झों' असं देवनागरीत लिहून दिलं, तर मूल निदान 'फेझों' म्हणणार नाही. रोमन लिपीत तिथे ए आणि आय दिसतात, म्हणून आमच्या वर्गावर्गांत 'फेझों, फेझों' चालू असतं. आणि कोण म्हणतं देवनागरीच हवी? १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी या भाषाशिक्षकाने काही शिक्षकांना एकत्र करून एक मंडळ काढलं. त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली, आज प्रत्येक चांगल्या फ्रेंच कोशात शब्दापुढे चौकटी कंसात असते ती. आधी बोली भाषा शिकवा, लेखन मागून, हा त्या शिक्षकांचा आग्रह होता. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. ती चिन्हं शिकायला एक रविवार पुरतो. माझ्या माहितीतल्या किती फ्रेंच शिक्षकांनी तो रविवार दिलाय, हे मोजायला एका हाताची बोटं उरतात.

'एवढा वेळ कुठे आहे?' हा शेवटचा बचाव. अक्षरं मोजायला मी वर्गात टाळ्या वाजवायला लावते, त्यावरून एका सहकाऱ्यांनी मला स्टाफरूममध्ये विचारलं, "मॅडम, पोर्शन संपवायचा की टाळ्या वाजवायच्या?" मी त्यांना म्हटलं, सर, तुमचा पोर्शन संपतो आणि मुलांची भाषा सुरूच होत नाही. फ्रेंच येतं याचं प्रमाणपत्र देणारी देल्फची परीक्षा पाहा. चार भाग, प्रत्येकी २५ गुण. त्यांत ऐकणं हा एक आणि बोलणं हा एक. म्हणजे निम्मी परीक्षा कान आणि तोंडाची आहे, आणि कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी मिळाले तर बाकी कितीही गुण असोत, नापास. कॅनडाने २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्थलांतराच्या वेगळ्या फेऱ्या काढायला सुरुवात केली, तेव्हापासून पुण्या-मुंबईत क्लासांचं पीक आलंय. चाळीस-पन्नास हजार रुपये भरून पोरं तिथेही तेच तक्ते घोकतात. आईबापांच्या कष्टाच्या पैशावर हा दरोडा आहे, आणि दरोडा म्हणायला मी कचरत नाही.

गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या अ बद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. 'तो देईल' हे 'दॉन-रा', मधला ई गळतो. 'तो बोलेल' मात्र 'पार-ल-रा', तिथे गळत नाही, कारण गळला तर र, ल, र अशी तीन व्यंजनं एकमेकांच्या उरावर बसतील. मॉरिस ग्रामाँ या भाषावैज्ञानिकाने याला तीन व्यंजनांचा नियम असं नावच दिलंय. मार्सेय-तुलूझकडची माणसं तर तो अ गाळतच नाहीत, त्यांचं 'पार्ल' मुळातच 'पार-ल' असतं. म्हणून 'सायलेंट म्हणजे सायलेंट' असं ठोकून देणाऱ्याने आधी दक्षिण फ्रान्समधल्या एखाद्या भाजीवालीचं बोलणं ऐकावं.

तर ती ९८ गुणांची मुलगी. तिची वही मी पहिल्या दिवशी बंद करून ठेवायला सांगितली. तीन आठवडे फक्त ऐकणं, म्हणणं, आणि प्रत्येक अक्षराला मांडीवर एक थाप. वाक्य शब्दांत तोडायचं नाही, अक्षरांत तोडायचं. संस्कृतात 'न अस्ति' चं 'नास्ति' होतं तसंच हे, एवढं सांगितल्यावर तिने पुढचं स्वतःच जुळवलं. 'त्यांच्याकडे आहे', ईल-झों. 'ते आहेत', ईल-सों. 'आम्हांला माहीत आहे', नू-सा-वों. 'आमच्याकडे आहे', नू-झा-वों. स आणि झ, बस.

चौथ्या आठवड्यात तिची आई आली. वही कोरी. "तीन आठवड्यांची फी घेतलीत, शिकवलंत काय?" त्या रागावल्या होत्या आणि रागावण्याचा त्यांना हक्क होता. मी त्यांना बसवलं, मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हटलं, मी दहा वाक्यं बोलते, माणूस एक असेल तर एक बोट वर कर, जास्त असतील तर पंजा. ई-ला-रीव. एक बोट. ईल-झा-रीव. पंजा. ईल पार. बोट. ईल दॉर्म. पंजा. ईल व्येन. पंजा. असं करत नऊ झाली, नऊही बरोबर. दहावं मी मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, "ईल पार्ल."

तिने हात वर केला, अर्ध्यावर थांबवला आणि खाली घेतला. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "मॅडम, यात कळत नाही. दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. पुढचं वाक्य बोला, मग सांगते."